सुभेदारांचा न वाकणारा पंखा

रायपुरात जी मराठी घरं भोसल्यांच्या काळापासून आहेत, त्यांपैकी कुणाचाही पूर्वज फौजेमागून बैलगाडीत बसून, डाळ-तांदळाची पोती सांभाळत आलेला नाही. सगळे घोड्यावर आले. इतके घोडे तेव्हा नागपुरात होते का, हा प्रश्न विचारायचा नसतो. डॉक्टर पुष्कर सुभेदारांच्या घरी तर मुळीच नाही, कारण त्यांच्याकडे पुरावा आहे: आडनाव. सुभा गेला, सुभेदारी गेली, पुरानी बस्तीतलं अर्धं घर चुलत्यांकडे गेलं. आडनाव मात्र शाबूत आहे, आणि आडनावाबरोबर येणारा स्वभावही.

पुष्कररावांचा समता कॉलनीत दातांचा दवाखाना आहे. हात उत्तम, त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही. पण बोलण्याची इतकी हौस असलेल्या माणसानं दातांचा डॉक्टर व्हावं, याला मी दूरदृष्टी म्हणतो. वकिलाला समोरचा वकील अडवतो, मास्तरला पोरं अडवतात. इथे समोरचा माणूस आ वासून आडवा पडलेला, तोंडात कापूस, नळी आणि डॉक्टरांची बोटं. तो फार तर "आँ" म्हणू शकतो, आणि पुष्करराव त्या "आँ"चा अर्थ होकार असा घेतात. मी त्यांचा जुना पेशंट. पुढची हकीकत मी बरीचशी अशीच आडवा पडून ऐकलेली आहे. उरलेली त्यांच्या पत्नी मोनालीताईंनी सांगितली. ती जास्त खरी समजावी.

सुरुवात रक्तदाबानं झाली. "रोज सकाळी मोकळ्या हवेत चाला," असं त्यांना सांगण्यात आलं. कॉलनीच्या बागेत चालायची सोय नव्हती, कारण तिथे प्रत्येक ओळखीचा माणूस समोर उभा राहून तोंड उघडायचा आणि "डॉक्टरसाब, जरा ही दाढ बघता?" म्हणायचा. म्हणून ते गाडी काढून खारून नदीपलीकडे जाऊ लागले. चालायला जायला गाडी काढावी लागते, ही प्रगती. तिथे एका बंद पडलेल्या राइस मिलच्या मागे मोठं मैदान आहे. त्या मैदानात एके सकाळी त्यांना श्यामराव वाढोणकर भेटले, हातात रिमोट आणि डोक्यावर घिरट्या घालणारं छोटं पेट्रोलचं विमान. पुष्कररावांचं चालणं त्याच जागी थांबलं आणि पुन्हा कधी सुरू झालं नाही.

श्यामराव मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेच्या नोकरीत रायपुरात आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. रेल्वेत आयुष्य काढल्यामुळे एका हातानं उचलली जाणारी कोणतीही वस्तू त्यांना कच्ची वाटते. खुर्ची, कढई, जावई, सगळ्यांना एकच कसोटी.

पुष्कररावांनी महिन्याभरात आपलं विमान बांधलं. पांढऱ्या फोमचं, विजेवर चालणारं. पेट्रोलचा वास दवाखान्यातल्या हातांना चालत नाही, हे त्यांचं कारण. विमानाच्या नाकावर फिरणारा पंखा मात्र श्यामरावांनी भेट दिला. आपल्या जुन्या पेट्रोलच्या विमानाचा, काळा, मुळाशी चांगला अंगठ्याएवढा जाड.

"डॉक्टर, पंखा असा पायजे का आदळला तरी हसला पायजे," श्यामराव म्हणाले.

आता यात एक बारीक अडचण होती. पेट्रोलच्या इंजिनात सतत स्फोट होतात आणि प्रत्येक स्फोटाचा दणका पंख्याला बसतो, म्हणून तो जाडजूड करावा लागतो. विजेची मोटर बिचारी गुळगुळीत फिरते. तिच्या नाकावर तो दणकट पंखा बसवणं म्हणजे ढोलाच्या काठीनं सतार वाजवणं. रिमोटवरची वेगाची काडी पुढे केली की पंखा आधी विचार करायचा, मग फिरायचा. काडी मागे घेतली तरी फिरतच राहायचा, निवृत्तीनंतरही ऑफिसात जाणाऱ्या साहेबासारखा. विमान नाकानं जड झालं होतं. ते कसंबसं उठलं, मैदानाच्या टोकापर्यंत गेलं, मोटरमधून जळक्या पापडाचा वास आला, आणि शेजारच्या धानाच्या बांधात त्यानं नाक खुपसलं.

श्यामराव धावत गेले. विमानाचे तुकडे ओलांडून त्यांनी पंखा उचलला, धोतरानं पुसावा तसा शर्टानं पुसला आणि उंच धरून ओरडले, "पाहा! पंख्याले काही झालं नाही!"

त्या दिवशी पुष्कररावांनी ठरवलं की जड वस्तू ही जड डोक्याच्या माणसांसाठी असते. हे त्यांनी श्यामरावांना सांगितलं नाही. आम्हा पेशंटांना सांगितलं.

दुसरं विमान बांधून ते सदर बाजारात चिरागकडे गेले. सोनारांच्या दोन दुकानांच्या मधे चिरागचं खेळण्यांचं दुकान आहे. खाली बाहुल्या, वर माळ्यावर विमानांचं सामान. चिरागच्या दुकानात सगळं इम्पोर्टेड असतं.

"कहाँ से इम्पोर्टेड?" पुष्कररावांनी विचारलं.

"बाहर से, भैया."

बाहेरून म्हणजे देशाबाहेरून की शहराच्या वेशीवरच्या टाटीबंध चौकाबाहेरून, याचा खुलासा त्यानं केला नाही. त्यानं दिलेला केशरी पंखा मात्र खरंच हलका होता. तळहातावर ठेवला तर आहे की नाही ते कळू नये इतका. पुष्करराव खूश. त्यांनी तो बोटांत धरून वाकवला, तो रुमाली रोटीसारखा वाकला. वाकतो ते चांगलं की वाईट, हा विचार त्यांना शिवला नाही. हलका आहे ना? झालं.

हळू चालवलं तोवर विमान देखणं उडालं. मग पुष्कररावांनी पूर्ण जोर दिला आणि मैदानभर फर्रर्र असा आवाज घुमला, पतंगाचा कागद वाऱ्यात फाटावा तसा. जोरात फिरल्याबरोबर पाती पुढे वाकली, पिळली आणि सपाट पडली. पात्याला जो तिरपेपणा असतो, त्यानंच हवा मागे रेटली जाते. तो तिरपेपणाच गेला तर पंखा हवेला नुसता थोपटत बसतो. आवाज भरपूर, ओढ काहीच नाही. अशी माणसं आपल्या ओळखीत असतात, पण त्यांना कुणी विमानाला बांधत नाही. शेवटी एक पातं तुटून श्यामरावांच्या कानाजवळून गेलं.

"म्हणून तर सांगून राहिलो होतो," श्यामराव कान चाचपत म्हणाले, "जड लावा म्हणून."

इथून पुढे पुष्कररावांच्या बोलण्यात सिद्धान्त आला. माझ्या वरच्या दाढेत भोक पाडता पाडता त्यांनी तो मला समजावला. "वजन आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बरं का. लोक त्यांची गल्लत करतात. श्यामरावांचा पंखा ताठ होता, पण जड. चिरागचा हलका होता, पण लेचापेचा. हलका आणि ताठ पायजे. समजलं?"

मी "आँ" म्हणालो. सिद्धान्त बरोबर होता, हे मी तोंड मिटल्यावरही मान्य करीन.

हलका आणि ताठ म्हणजे कार्बनचा. चिरागनं तो मागवून दिला. काळा, चकचकीत, कडा सुरीसारख्या. पुष्कररावांनी तो आधी घरात फिरवला, मग दवाखान्यात, मग गणेशोत्सवाच्या तयारीच्या बैठकीत. वर्गणीवर चर्चा चालू असताना त्यांनी पंखा माणसामाणसांतून फिरवला आणि प्रत्येकाला म्हणाले, "वाकवून दाखवा." कुणाच्यानं वाकला नाही. पुष्करराव असे हसले, जणू काही तो पंखा सुभेदारांच्या कुळात जन्मला होता.

त्यांची मुलगी अनुश्री कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. तिनं पंख्याच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाली, "पापा, ये पंखा नहीं, चाकू है."

मोनालीताई अमरावतीच्या, बँकेत अधिकारी. दिवसभर लोकांचं ऐकून घेण्याचा त्यांना पगार मिळतो, घरी तेच काम फुकट करतात. त्यांनी एकच विचारलं, "बोटाले लागला तर?"

"लागंल काहून? मी काय लहान पोट्टा आहो?"

श्यामरावांनी तर नियमच सांगितला होता: घरात विमानावर काम करायचं तर आधी पंखा काढायचा, मग बॅटरी जोडायची. विजेची मोटर इंजिनासारखी खोकत सुरू होत नाही, गुपचूप उठते. पुष्कररावांच्या मते हा नियम रेल्वेवाल्यांसाठी होता.

आणि खरं सांगायचं तर तो पंखा उडाला झकास. काडी हलवली की लगेच ओढ, आवाज बारीक आणि स्वच्छ, विमान सरळ वर. पुष्करराव त्या दिवशी पूर्ण उड्डाणभर गप्प होते. श्यामरावांनी हे दोनदा घड्याळात पाहिलं. मग विमान उतरलं. चाकं नव्हती, पोटावर घसरत उतरायचं होतं. पंख्याचं एक पातं जमिनीत रुतलं. दुसरा एखादा पंखा असता तर वाकला असता, किंवा सुज्ञपणे मोडला असता. हा वाकणाऱ्यांतला नव्हता. सगळा दणका त्यानं मागे ढकलला. मोटरचा दांडा वाकला आणि विमानाचं नाक मोटरसकट उपटून निघालं.

पुष्कररावांनी पंखा उचलला, माती झटकली आणि ओरडले, "पंख्याले काही झालं नाही!"

श्यामरावांनी विमानाचं उपटलेलं नाक उचलून त्यांच्या दुसऱ्या हातात दिलं. घरी मोनालीताई बोलल्या, पण ते इथे देण्यासारखं नाही.

नवी मोटर बसवायचं काम रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चाललं होतं. दवाखान्यात त्यासाठी खास टेबल आहे, पण तिथे पोहे मिळत नाहीत. पंखा जागेवर होता, बॅटरी जोडलेली. डाव्या हातानं विमानाचं नाक धरून पुष्करराव अनुश्रीला मोटर किती गुळगुळीत फिरते ते सांगत होते. मोनालीताईंनी पोह्यांची ताटली ठेवली. पोह्यांवर शेव नव्हती. शेवेचा डबा टेबलाच्या पलीकडे. पुष्कररावांनी उजवा हात लांबवला आणि त्यांच्या कोपरानं रिमोटची काडी पुढे ढकलली.

आवाज जवळजवळ झालाच नाही, असं अनुश्री सांगते. आधी पांढऱ्या पोह्यांवर लाल थेंब दिसले, मग पापा उभे राहिले, आणि मग तिला कळलं. तिनं बॅटरी उपटली. मोनालीताईंनी हाताला येईल तो टॉवेल त्यांच्या हाताभोवती गुंडाळला आणि गाडीची किल्ली शोधली. गाडीत पुष्करराव एवढंच म्हणाले, "शेव लांब ठेवली होती."

डाव्या हाताची तर्जनी खोलवर कापली गेली होती, नुसती शीर नव्हे, बोट वाकवणारी स्नायूची दोरीच तुटली होती. शस्त्रक्रिया झाली, हात पट्टीत गेला. लोक म्हणाले, उजवा वाचला, नशीब. दातांच्या डॉक्टरला तसं वाटत नाही. उजवा हात काम करतो, पण डावा हात आरसा धरतो, गाल बाजूला करतो, जीभ अडवतो. डावा हात म्हणजे त्याचा डोळा.

दवाखाना बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून गंधाली नावाची तरुण डॉक्टर ठेवली. ती कामाला नीट होती आणि काम करताना बोलत नसे. "दुखतंय का?" विचारायची, पेशंटला तोंड मिटू द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची. रायपूरच्या दंतवैद्यकात हा प्रयोग नवा होता. गर्दी वाढली.

पुष्करराव घरी बसले. फिजिओथेरपीसाठी येणारी मुलगी रोज सांगायची, "वाकवा डॉक्टर, अजून वाकवा," आणि बोट वाकत नसे. एका दुपारी ते दवाखान्याच्या मागच्या खोलीत गेले, सरावासाठी ठेवलेली प्लास्टरची कवळी समोर घेतली आणि डाव्या हातात आरसा धरून पाहिला. तो पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. पडद्यापलीकडे गंधालीच्या खुर्चीवर कुणीतरी पेशंट हसत होता. मोनालीताई बँकेतून त्यांना घ्यायला आल्या तेव्हा ते जमिनीवर बसून आरशाच्या काचा उचलत होते आणि रडत होते. हे सांगताना मोनालीताईंना एकही टोमणा सुचला नाही.

श्यामराव भेटायला आले. घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखला, कारण "मी सांगितलं होतं" म्हणण्याचा इतका स्वच्छ हक्क आजवर कुणाला मिळाला नसेल. श्यामराव मुर्र्याचे, म्हणजे चुरमुऱ्यांचे, लाडू ठेवून खुर्चीत बसले. पट्टीकडे पाहिलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "माह्यावाला जड पंखा असता न, तर हाडच मोडलं असतं. बोट ठेवलंच नसतं त्यानं. तुमच्यावाला बरा म्हणायचा."

चहा पिऊन ते निघून गेले. पुष्करराव दाराकडे बघत राहिले. "मोनाली," ते म्हणाले, "तो माणूस आज स्वतःच्या पंख्याची निंदा करून गेला. माझ्यासाठी."

थंडी पडायला लागली तेव्हा पट्टी सुटली, पण तर्जनी ताठच राहिली. तेवढ्यात श्यामरावांनी तुटलेलं विमान आपल्या घरी नेऊन जोडून आणलं, नेहमीपेक्षा जड. पंखा आणायला या वेळी मोनालीताई गेल्या. चिराग म्हणाला, "दीदी, कार्बन में नया माल आया है." मोनालीताईंनी मोबाइलवर त्या बोटाचा शस्त्रक्रियेआधीचा फोटो उघडून त्याच्यासमोर धरला. चिराग दोन पावलं मागे सरला आणि बाहुल्यांना टेकला.

"मले असा दाखव, जो थोडा वाकते पण फडफडत नाही. अन् कुठं लागला तर आपणहून बाजूले होते."

"वैसा तो है, दीदी. सस्ता वाला." त्यानं साधे प्लास्टिकचे पंखे काढले. मुळाशी बेताचे जाड, टोकाकडे पातळ, आणि दांड्यावर स्क्रूऐवजी रबराच्या कडीनं अडकवायचे. धक्का बसला की कडी ताणते आणि पंखा निसटतो.

"हे पहिल्यांदा काहून नाही दाखवलं?"

"डॉक्टर साहब को सस्ता कैसे दिखाते?" चिराग प्रामाणिकपणे म्हणाला.

मोनालीताईंनी भाजीवाल्याकडे वांगी निवडावीत तसे पंखे एकेक दाबून, वाकवून, उजेडात धरून पाहिले. दोन नापसंत केले. तिसरा घेतला.

रविवारी चौघं मैदानावर गेली. धानाची कापणी झालेली, जमिनीत नुसते खुंट. पंखा मैदानावर पोचल्यावरच बसवायचा आणि बॅटरी शेवटी जोडायची, हा मोनालीताईंचा नियम, त्यामुळे तो पाळला गेला. पुष्कररावांना रिमोट धरता येत होता, पण विमान फेकता येत नव्हतं. श्यामरावांचे खांदे गेलेले. मग मोनालीताईंनी पर्स अनुश्रीकडे दिली, साडीचा पदर खोचला आणि विमान असं फेकलं, जणू स्वयंपाकघरातून मांजर बाहेर काढत होत्या.

विमान गेलं. डगमगलं, सावरलं, मिलच्या धुराड्यावरून वळलं. पुष्कररावांचा ताठ तर्जनीचा हात रिमोटला बिलगला होता, अंगठा मात्र मोकळेपणानं फिरत होता.

"कार्बनइतका जोर नाही याला," ते म्हणाले.

"उडून राहिला न?" श्यामराव म्हणाले.

"उडून राहिला."

"मग उडवा न बाप्पा."

उतरताना नाक जमिनीला लागलं, रबराची कडी ताणली आणि पंखा उडून पैऱ्याच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात गेला. चौघांनी तो ढीग उपसला. पुष्करराव वाकून वाकून शोधत होते, मोनालीताई त्यांना "हात सांभाळा" म्हणत होत्या, श्यामराव भलत्याच ढिगात शोधत होते. अनुश्रीला सापडला. तिनं फुंकर मारली आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "चांगला आहे, बाबा." पुष्कररावांना उच्चार सुधारायचा मोह झाला. त्यांनी तो आवरला. असं मोनालीताई म्हणतात. मला स्वतःला ते कठीण वाटतं.

आता दवाखान्याच्या पाटीवर दोन नावं आहेत. अवघड दाढा गंधाली काढते. पुष्करराव आरसा अंगठा आणि मधल्या बोटात धरायला शिकले आहेत आणि हळूहळू भरणं करतात. पेशंट आले की काउंटरवर विचारतात, "मॅडम आहेत का?" मॅडम नसल्या तर नाइलाजानं सरांकडे बसतात. सर हल्ली रबराच्या कडीबद्दल सांगतात.

ते बोट मात्र कायमचं सरळ राहिलं, कधीच मिटत नाही. परवा गणेशोत्सवाच्या बैठकीत ते टेबलावर हात ठेवून शांत बसले होते, तर अध्यक्षांनी तीनदा कामकाज थांबवून विचारलं, "बोला सुभेदार, तुमचा आक्षेप काय आहे?" बोट त्यांच्याचकडे रोखलेलं दिसत होतं. कुणीतरी अध्यक्षांना खरी गोष्ट कानात सांगायला उठलं, पण तोवर उशीर झाला होता. पुष्करराव बोलायला उभे राहिले होते. आक्षेप होताच.